ताई शाबास म्हणाली

ताईचा आवाज म्हणजे तोफखाना. धाकटी अंतराळस्थानकाबाहेर दुरुस्तीला निघाली, की खाली जमिनीवर, नियंत्रण कक्षात, तिच्याशी बोलण्याच्या टेबलाशी ताईलाच बसवत. धाकटी ऐकायची ती फक्त तिचं. "अगं, आधी दोरी अडकव! डोकं घरी विसरलीस का?" असं सगळ्या खोलीदेखत चालायचं आणि लोक खुदुखुदु हसायचे.

आज कुणी हसत नव्हतं. कुठल्याशा फुटक्या उपग्रहाचा लिंबाएवढा तुकडा स्थानकाच्या दिशेनं येत होता, बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगानं. धडकेल की हुकेल, हिशेब चालू होता. आणि टेबलाचा नियम असा, की हिशेब पक्का होईस्तोवर बाहेरच्या माणसाला सांगायचं नाही. घाबरलेल्या माणसाचा हात सुटतो. कक्षाच्या साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

 ताई बोलत राहिली. "छान चाललंय हं. सावकाश कर. शाबास."

वर धाकटी काम करता करता गुणगुणत होती, ते थांबलं.

"ताई, काय झालंय?"

"कुठं काय?"

"जन्मात कधी शाबास म्हणाली नाहीस. आत्ता हातातून पाना निसटला, दोरीला लोंबतोय, तरी ओरडली नाहीस. काय येतंय माझ्याकडे?"

झालं! नियम गेला खड्ड्यात. ताईनं साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुकडा येतोय. आत शिरायला वेळ नाही. मोठ्या टाकीमागे जा, भिंतीला चिकट आणि हलू नकोस."

नुसत्या धापा ऐकू येत राहिल्या. मग बारीक आवाज आला, लहानपणी दिवे गेले की यायचा तसा. "पोचले. मला भीती वाटतेय गं. ओरड ना."

"गाढवे!" ताई ओरडली. "पाय आत घे! लपाछपीत कायम डोकं बाहेर काढायचीस, आज काढलंस तर याद राख! आईला काय तोंड दाखवू मी? अक्कल म्हणून नाही मेलीला..."

कानात खरखर झाली आणि सगळं गप्प झालं. ताई ओरडतच राहिली. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला. ओरडणं संपलं तेव्हा ती नुसतं "धाकटे, धाकटे" करत राहिली.

"ऐकतेय," वरून आवाज आला. "मघाशी काम करताना मी धरून उभी होते ना, तो दांडा जाग्यावर नाहीये. हत्यारांची पिशवीही तिथंच सोडली होती, तीही गेली." तिनं दम घेतला. "पिशवी विसरले म्हणून तरी ओरड की."