बाकीचे तुकडे

मित्रांनो, सुरतेच्या भंगारात पालथी पडलेली ही हिरवी पेटी म्हणजे मी, एक जुना सेल-स्विच, संगणकांचे निरोप तुकड्यातुकड्यांनी पोहोचवणारा. भंगारवाला हातोडा शोधतो आहे. तो सापडेपर्यंत माझी कहाणी ऐका.

माझा जन्म परदेशी कारखान्यातला. १९९६ साली एका साडी मिलच्या शेठने मला प्रदर्शनात पाहिले आणि हट्टाने आणले. दसऱ्याला मला कुंकू लागले, झेंडूची माळ पडली. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांना शेठ माझे लुकलुकणारे दिवे दाखवी. मीही चढून गेलो होतो.

डिझाइन खात्यातला सुकदेव साडीचे चित्र संगणकावरून छपाई खात्याला पाठवी. इंटरनेटच्या रीतीने त्या चित्राची पाकिटे बनत. माझ्या तारेत शिरताना प्रत्येक पाकिटाचे चिमुकले तुकडे होत आणि ते मी पलीकडे रवाना करी. तिथे सगळे तुकडे जुळले तरच पाकीट उघडत असे. एक जरी हरवला तरी पाकीट बाद. एका डागासाठी व्यापारी कापडाचा अख्खा तागा परत करतो, तसेच हे.

दिवाळीच्या हंगामात सगळी खाती एकदम पाकिटे पाठवू लागली. माझ्या पोटात जागा थोडी. ते भरले की मी येईल तो तुकडा टाकून देई. कोणाचा आहे, ते मी कशाला पाहू? मग पलीकडचा संगणक ते अख्खे पाकीट पुन्हा मागत असे, गर्दी वाढे आणि मी आणखी तुकडे टाकी. तुटलेल्या पाकिटांचे उरलेले निकामी तुकडे मात्र इमानाने वाहत राही. दिवे लखलखत, पण चित्र काही पोहोचत नसे.

सुकदेव शेठपुढे उभा राहिला. "शेठ, मैं भेजता है, पण उधर पोहचता नहीं. ये डब्बा बीच में गिराता है."

शेठने माझ्याकडे बोट केले. "देख, एक मिनट बत्ती बंद नहीं होती. सोता तो तू है."

छपाई रखडली, मोठी ऑर्डर गेली. सुकदेवला त्याच दिवशी काढले. त्याची बायको कलाबाई मिलमध्येच साड्यांचे धागे कापी. आता डिंडोली वस्तीतले त्यांचे घर तिच्या एकटीच्या मजुरीवर आले.

पुढच्या आठवड्यात इंजिनिअर आला. त्याने मला तपासले आणि सांगितले, "शेठ, गलती डब्बे की थी. अब एक टुकड़ा गिरा, तो उस पाकिट के बाकी टुकड़े भी डब्बा खुद फेंक देगा. बेकार का बोझ नहीं रहेगा." त्याने तसा नियम लावला आणि चित्रे सुरळीत जाऊ लागली.

मुकादम शालिग्रामने भीतभीत विचारले, "शेठ, सुकदेव को वापस बुलाऊँ?"

"और बाजार को बोलूँ कि मेरा डब्बा खराब था?" शेठ म्हणाला. "उसकी औरत को बुला."

कलाबाई हातातली कात्री घेऊनच आली.

"कलाबेन, तेरी गलती नहीं है. पण एक गिरा, तो बाकी रखके क्या करने का?"

तिला हिंदी सुचेना. "शेठ, मनं काम ते चोख शे. एकदाव देखी ल्या," ती आपल्या अहिराणीतच म्हणाली. शेठने तिचे काम पाहिले नाही. तिने कात्री माझ्याच डोक्यावर ठेवली आणि निघून गेली.

मित्रांनो, फाटलेल्या पाकिटाचा उरलेला तुकडा खरोखरच निकामी असतो. कलाबाई निकामी नव्हती. तो नियम माझ्यासाठी होता, तिच्यासाठी नाही. पण मला बोलता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते ते गप्प बसले.

दोन वर्षांनी माझे एक कार्ड जळाले. बाकी सगळा मी धड होतो. शेठने वर न बघताच सांगितले, "पूरा फेंक दो."

आता हातोडा सापडलेला दिसतो. मित्रांनो, एक भाग बिघडला म्हणून सगळे फेकू नका. बाकीचे चालते का, ते आधी बघत जा. माझे बाकीचे चालू आहे. एकदा लावून तर बघा.