नऊ पॉईंट सात नऊ

ऋतुजानं कपाटाच्या पत्र्याच्या दारावर मार्करनं आकडे लिहून काढले, तेव्हा मालूला वाटलं, पोरीनं कुणाकुणाचे फोन नंबर टिपून ठेवलेत. संध्याकाळी नवरा कामावरून आला तशी तिनं त्याला कपाटापुढे उभं केलं.

"हे बघा. कुणाचा नंबर हाय कोण जाणे. आणि मोजला तर एक आकडा कमीच भरतो."

"आई, तो प्रकाशाचा वेग हाय," ऋतुजा आतून ओरडली. "एका सेकंदात एवढे मीटर!"

जगन खो खो हसला. तो गवंडी. पेणच्या खाडीकडच्या अंगाला त्याचं घर. बाप जन्मभर मिठागरात राबला; आगर बंद पडलं आणि जगननं थापी हातात धरली ती आजतागायत. शाळा सातवीपर्यंतच. पण मुलगी रोज सकाळची मेमू गाडी पकडून रोह्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकायला जाते, हे तो चहाच्या टपरीवर कुणी न विचारताही सांगायचा.

"बाकीच्या पोरी हिरोंचे फोटो लावतात," तो हात पुसत म्हणाला. "तुला या आकड्यांत काय दिसतं गो?"

ऋतुजा याच प्रश्नाची वाट बघत असावी. ती दारापाशी येऊन बसली. "बाबा, जगात सगळं बदलतं. भाव बदलतात, माणसं बदलतात. हे आकडे बदलत नाहीत. प्रकाशामागे कितीही जोरात पळा, नाहीतर त्याच्याकडे तोंड करून धावा, त्याचा वेग तुम्हाला तेवढाच दिसणार. आणि हा दुसरा आकडा बघा, याला पाय म्हणतात. बांगडी घ्या, नाहीतर विहीर घ्या. आडव्या मापाला याच आकड्यानं गुणलं की गोलाचा घेर येतो."

"तीनपट आणि वर सातवा हिस्सा," जगन सहज बोलून गेला.

ऋतुजा त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? गोल टाकीची सळई कापायची तर तेवढीच लागते. कमी कापली की तोंडाला तोंड भिडत नाय."

त्या दिवसापासून बापलेकीचा तो खेळच झाला. जेवताना ती नवा आकडा सांगायची आणि तो आपल्या कामातलं काहीतरी त्याला जोडून बघायचा. कधी जुळायचं, कधी मालू दोघांना ओरडून गप्प करायची.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झालं, आणि एका संध्याकाळी ऋतुजा स्टेशनवरून आली ती तोंड पाडून. जेवायलाही उठेना. जगननं जवळ जाऊन विचारलं, तेव्हा तिनं प्रयोगाची वही पुढे टाकली. पानावर लाल शाईत लिहिलं होतं : ९.८१ यायला हवं. पुन्हा करा.

"काय हाय हे?"

"वरनं सोडलेली वस्तू खाली पडताना दर सेकंदाला तिचा वेग कितीनं वाढतो, तो आकडा. दोरीला गोळा टांगायचा, झोके मोजायचे, त्यावरनं काढायचा. माझा नऊ पॉईंट सात आठ येतो. चार वेळा केलं, बाबा. बाकीच्यांनी पुस्तकात बघून नऊ पॉईंट आठ एक लिहिलं, त्यांना सही मिळाली."

जगननं थोडा विचार केला. पोरीचे मार्क जातील, ही भीती त्याच्या मनात आधी आली. "मग तूही लिही की तेवढंच. एवढ्याशा फरकानं काय बिघडतंय?"

ऋतुजानं मान वर केली. "तुम्ही ओळंबा लावलात आणि भिंत कललेली दिसली, तर काय कराल? ओळंबा वाकवाल?"

 जगन उठला, अंगणात गेला, नळाखाली पाय धुतले, पुन्हा आत आला आणि तिच्यासमोर बसला. आपण पोरीला खोटं लिहायला सांगितलं, याची त्याला मनापासून लाज वाटली होती.

"दोरी कसली होती?" त्यानं विचारलं.

"सुती."

"माप कधी घेतलंस? गोळा टांगायच्या आधी की नंतर?"

"आधी."

"तिथंच घोळ असंल. भार पडला की दोरी ताणते. टांगल्यावर माप घ्यायचं. आणि एवढीशी दोरी नको. जितकी लांब, तितकी चूक बारीक. रविवारी साईटवर चल माझ्याबरोबर."

पेणमध्ये एका बंगल्याचं काम त्याच्याकडे होतं. रविवारी तिथं कुणीच नसायचं. जिन्याच्या मधल्या पोकळीत, वरच्या स्लॅबच्या हुकाला जगननं बारीक पोलादी तार बांधली आणि तिच्या टोकाला आपला पितळी ओळंबा लावला. खाडीवरचं वारं जिन्यात शिरत होतं, म्हणून खिडक्यांच्या भोकांवर ताडपत्री ताणली. लांबी ओळंब्याच्या मध्यापर्यंत मोजायची, पण तो मध्य कुठं धरायचा, हे ऋतुजाला कळेना. जगननं ओळंबा थापीच्या धारेवर आडवा ठेवला, इकडे तिकडे सरकवत तोलून धरला आणि जिथं तोल साधला तिथं पेन्सिलीची खूण केली. मग टेप लावला. हुकापासून खुणेपर्यंत बरोबर चार मीटर होईपर्यंत त्यानं तीनदा तार सोडली, बांधली, सोडली.

ऋतुजानं ओळंबा हलकेच बाजूला घेतला आणि सोडला. तो संथ जात होता, येत होता. पन्नास झोके झाले की ती मोबाईलवर वेळ थांबवायची आणि वहीत लिहायची. झोके मोजायचं काम जगनकडे होतं. सत्तावीस, अठ्ठावीस... एकदा मालूचा फोन आला आणि मोजणी चुकली, तेव्हा त्यानं पोरीच्या आधी स्वतःच हातवारे करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. पन्नास झोक्यांची अशी मोजणी दहा वेळा झाली. दुपार कलली. दोघांनी तिथंच सिमेंटच्या गोणीवर बसून भाकरी खाल्ली आणि ऋतुजानं हिशेब मांडला.

"किती?" जगननं विचारलं. त्याला पोरीच्या दहावीच्या निकालाला वाटली होती तशी धाकधूक वाटत होती.

"नऊ पॉईंट सात नऊ," ती हळूच म्हणाली. "थोडा वर सरकला. पण आठ एक नाहीच येत, बाबा."

"मग नाय येत. हाय ते लिही."

सोमवारी तिनं वही मोकल सरांपुढे ठेवली. दत्तात्रेय मोकल एकोणीस वर्षं तो प्रयोग शिकवत होते. आधी त्यांनी लाल पेन उचललं. मग तारेचं माप वाचलं, दहाच्या दहा नोंदी वाचल्या आणि पेन खाली ठेवलं. कपाटातून जुनं तक्त्यांचं पुस्तक काढून ते बराच वेळ पानं चाळत राहिले.

"पृथ्वी पोटाशी जरा फुगलेली आहे," ते अखेर म्हणाले, "आणि स्वतःभोवती फिरते. त्यामुळे हा आकडा विषुववृत्तापाशी कमी, ध्रुवापाशी जास्त. आपल्या अक्षांशाला तो नऊ पॉईंट सात आठ सहाच्या आसपास येतो. नऊ पॉईंट आठ एक युरोपातला. तुझं बरोबर आहे, ऋतुजा. चूक माझी." मग म्हणाले, "मी शिकत होतो तेव्हा मीही पुस्तकात बघूनच लिहिलं होतं. ही तार कुणी टांगली?"

"माझ्या बाबांनी. ते गवंडी आहेत."

"त्यांना इथं आणशील? आपल्या जिन्यातही अशीच टांगू."

जगननं आधी नाही म्हटलं. कॉलेजात आपण काय बोलणार? पण मालूनं त्याचा सणाचा शर्ट इस्त्री करून ठेवला, आणि शनिवारी तो लेकीबरोबर रोह्याला निघाला. पिशवीत तार, पक्कड, टेप आणि ओळंबा.

कॉलेजच्या जिन्यात पोरंपोरी कठड्याला टेकून उभी होती. जगननं न बोलता काम सुरू केलं. तार बांधताना मात्र त्याची जीभ सैल झाली. दोरी का नको, भार दिल्याशिवाय माप का घेऊ नये, तोल कसा बघायचा, हे तो सांगत गेला आणि पोरं वहीत लिहीत गेली. मोकल सरही लिहीत होते. पाच गटांनी मोजलं. कुणाचा सात आठ आला, कुणाचा सात नऊ, कुणाचा थेट नऊ पॉईंट आठवर गेला. कुणीही पुस्तक उघडलं नाही.

शेवटी सरांनी हसत विचारलं, "जगनभाऊ, आमची मुलं एकमेकांना विचारतात, आवडता आकडा कुठला. कुणी पाय म्हणतं, कुणी प्रकाशाचा वेग. तुमचा कुठला?"

जगन ओशाळला. सगळे त्याच्याकडे बघत होते. "हाच," तो तारेकडे बोट करून म्हणाला. "बाकीचे सगळीकडे सारखेच, मोठी माणसं ती. हा जरासा आपल्याकडचा हाय. पोरीनं खोटा लिहिला असता तर आमाला कळलाच नसता."

मागच्या एका मुलीनं टाळी वाजवली, तशी सगळ्यांनी वाजवली. ऋतुजानं डोळे पुसले ते जगननं बघितलं, पण बघितल्याचं दाखवलं नाही.

परत निघाले तेव्हा गाडीला वेळ होता. दोघं कुंडलिका नदीच्या पुलावर जाऊन उभे राहिले. समोर, पलीकडच्या काठावर, अष्टमी गावाची घरं उन्हात उजळली होती.

"पलीकडे गेलं तर आपला आकडा बदलतो का गो?" जगननं विचारलं.

"एवढ्यात मोजता येण्यासारखा नाही. उंच डोंगरावर गेलं की किंचित कमी होतो."

"आणि चंद्रावर?"

"चंद्रावर सहावा हिस्सा."

"म्हणजे तिथं ओळंबा एकदम सुस्त झुलत असंल." जगननं हात पुढे करून हवेत एक लांब, संथ झोका काढून दाखवला. "पन्नास झोक्यांना किती वेळ लागंल? काढता येईल?"

ऋतुजानं पिशवीतून वही काढली आणि पुलाच्या कठड्यावर ठेवली. तो वाकून बघायला लागला. ती एकेक पायरी मोठ्यानं सांगत होती, तो मधेच थांबवून पुन्हा विचारत होता, आणि स्टेशनवरून मेमूचा भोंगा आला तेव्हा दोघांनाही ऐकू आला, पण वर कुणीच बघितलं नाही.