फिरत नसलेली तबकडी

शालूबाई रहिमतपूरहून माधवनगरला आल्या त्या नातीसाठी घर बघायला, आणि मनात पक्कं धरूनच आल्या की इथंही काहीतरी झाकलेलं असणार. थोरल्या नातीच्या वेळी औंधच्या पाहुण्यांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आपला म्हणून दारात उभा केला होता. आता धाकट्या पद्माची पाळी. आज होय म्हणायचं की चहा पिऊन उठायचं, हे त्याच ठरवणार होत्या.

नवऱ्या मुलाचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज घराला लागूनच होतं. त्याचे वडील दादासो बोलायला लागले की थांबत नव्हते. "आवं आत्याबाई, ही विलायती गाडी बघा. आत थंड वारं येतंय. त्येचा कॉम्प्रेसर बंद पडल्याला, मुंबईचा मिस्त्री हात टेकून गेला. आमच्या पोरानं, नाथाजीनं, एकट्यानं चालू केला. बसा आत, गार वाटंल."

"सीटाखाली बर्फाची लादी ठेवली तरी गार वाटतंय. टोपन उघडा."

बरोबर आलेला पुतण्या भाऊसो खाली मान घालून हसला.

नाथाजीनं बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि पट्ट्यावर फिरणारं एक चाक दाखवलं. "ह्यो कॉम्प्रेसर, आजी."

शालूबाईंच्या विहिरीवर इंजिन होतं. पट्ट्यानं चाक फिरतं, चाकानं पंप, हे त्यांना पाठ. इथं चाक गरगरत होतं, पण त्याच्या तोंडावरची लोखंडी तबकडी जागची हलत नव्हती. त्या आणखी वाकल्या.

"दादासो, ह्येच्या पोटात काय बी फिरत न्हाई! नुसतं चाक दावून—"

नाथाजीनं धावत जाऊन इंजिन बंद केलं.

"बघा! चोरी धरली तसं बंद केलं!"

"आजी, आदी पदर खोचा," नाथाजी म्हणाला. "पट्ट्यात गेला तर मान वढून घील."

"आरं, पाव्हण्यांशी असं बोलत्यात व्हय?" दादासो कळवळले. "कर चालू."

"पदर खोचल्याबिगार मी किल्ली फिरवनार न्हाई."

चाळीस वर्षांत शालूबाईंना असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी त्याच्याकडं रोखून बघितलं. पोरगं नजर खाली घालेना. मग त्यांनी पदर करकचून खोचला.

इंजिन पुन्हा सुरू झालं. "आतलं बटन दाबलं की लोहचुंबक तबकडीला धरतोय, तवाच कॉम्प्रेसर फिरतोय. एरवी चाक मोकळंच." त्यानं बटण दाबलं. खट् झालं आणि तबकडी चाकाबरोबर फिरायला लागली.

"तू बाजूला हो. भाऊसो, तू दाब."

भाऊसोनं दाबलं. खट्. सोडलं, तबकडी थांबली. शालूबाईंनी त्याला चार वेळा दाबायला लावलं, खुणेनं मध्येच थांबायला लावलं. मग नाथाजीनं दाखवलेल्या नळीवर बोट टेकवलं. नळी गार पडली होती, वर घामासारखं पाणी धरलं होतं. ते त्यांनी पदराला पुसलं.

"काय म्हनता मग, आत्याबाई?" दादासोंनी घाबरत विचारलं.

"पोरगं खरं हाय," शालूबाई म्हणाल्या. "सुपारी फोडा. तुमचं मातर मला अजून बघायचंय. ती पलीकडची मोटारसायकल कुनाची?"