सोळा किलो वर

डेपोत तिला सगळे पानाताई म्हणत. अठरा वर्षं ती बसच्या पोटाखालच्या खड्ड्यात उभी राहून बोल्ट काढत आणि बसवत आली होती. हातात पाना नसलेली ती कुणी फारशी पाहिलीच नव्हती. खड्ड्यातलं काम म्हणजे दिवसभर हात डोक्याच्या वर. मान वर, हात वर आणि वरून गळणारं तेल थेट तोंडावर. तरी तिचा त्या कामात जीव होता. बस रस्त्यावर कितीही मिरवू दे, तिचं दुखणं खालूनच कळतं, असं ती म्हणायची.

मग तिच्याच उजव्या खांद्याने कुरकुर सुरू केली. तिने काणाडोळा केला. एका सकाळी गिअरबॉक्सचं झाकण वर धरलेलं असताना हातातली ताकदच गेली आणि झाकण तिच्या बुटापासून वीतभरावर आदळलं. खांद्याच्या शिरेला सूज आहे, डॉक्टर म्हणाले. तीन महिने गोळ्या, शेक आणि सक्तीची विश्रांती झाली. सूज उतरली, पण जोर काही परत आला नाही. फोरमनने तिला स्टोअरमध्ये बसवलं.

"झाकण बारा किलोचं आहे," तो म्हणाला. "एका हाताने वर धरून दुसऱ्या हाताने बोल्ट लावून दाखव. त्या दिवशी खड्डा तुझा."

माणूस सरळ होता, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना. ती दिवसभर खिडकीतून नट-बोल्ट देत बसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

घरात ऐकायला होते फक्त सासरे. नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासऱ्यांनी चाळीस वर्षं व्यायामशाळेत पोरांना वजन उचलायला शिकवलं होतं. त्यांची हाक कानावर पडली की रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा पाठ ताठ करायची, असं लोक सांगत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात लुळा पडला आणि शब्द एकेक करून यायला लागले, तेही वाट बघायला लावून. सून आणि सासऱ्यांचं बोलणं म्हणजे औषध घेतलं का, वर्तमानपत्र आलं का, एवढंच. वैर नव्हतं, पण जवळीकही नव्हती.

एकदा फळीवरचा पिठाचा डबा ती डाव्या हाताने काढू लागली. तो निसटताना तिने कसाबसा छातीशी धरला. सासरे खुर्चीतून बघत होते.

"उजवा," ते म्हणाले. "वर. कान."

"कान ठीक आहे बाबा, खांदा दुखतो."

त्यांनी डोळे मिटले, शब्द गोळा केले. "हात. कानापाशी. आण."

तिने हात वर नेला. तो कपाळाच्या पुढेच अडला आणि तो आणखी वर जाण्याऐवजी तिची कंबर मागे वाकली. सासऱ्यांनी मान हलवली. यंत्रातला आवाज ऐकून ती स्वतः जशी मान हलवायची, अगदी तशी. मग त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेले चार लोखंडी गोळे होते. प्रत्येकाला वर जाड कडी होती आणि अंगावर आकडे कोरलेले होते: सहा, आठ, बारा, सोळा.

"ह्या किटल्या कुणाच्या?"

"किटली नाही. केटलबेल," सासरे म्हणाले. गेल्या दोन वर्षांत त्यांनी एवढा लांब शब्द न अडखळता उच्चारला नव्हता.

याने व्यायाम केला तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारलं. हळूहळू करा, दुखलं तर थांबा, ते म्हणाले. त्या दिवसापासून ड्युटीवर जाण्याआधीचा अर्धा तास सासऱ्यांचा झाला.

पहिले दोन आठवडे त्यांनी तिला काही वर ढकलूच दिलं नाही. सहा किलोचा गोळा छातीशी घ्यायचा. मनगट सरळ, कोपर बरगड्यांना चिकटलेलं, गोळा हाताच्या बाहेरच्या बाजूला टेकलेला. तसंच उभं राहून श्वास घ्यायचा. मग एक गुडघा जमिनीवर टेकवून तिथूनच एका हाताने गोळा वर.

"गुडघा कशाला?" तिने विचारलं.

"कंबर. चोरी करते. बसलं की. चोरी बंद."

खरंच होतं. उभं असताना जे काम ती पाठ वाकवून भागवत होती, ते आता एकट्या खांद्याला आणि पोटाला करावं लागत होतं. नंतर त्यांनी गोळा उलटा धरायला लावला, कडी खाली आणि गोल बूड आकाशाकडे. जरा लक्ष ढळलं की गोळा कलंडायचा. बाळाची मान सांभाळावी तसा तो सांभाळावा लागे. मोजणीही त्यांची निराळीच. एकदा वर, थांब. दोनदा वर, थांब. तीनदा, आणि पुन्हा एकपासून. "थकायचं नाही," ते म्हणत. "शिकायचं."

तिसऱ्या आठवड्यात तिने अट घातली. "तुम्ही डावा हात उचललात तर मी उचलेन."

ते खिडकीबाहेर बघू लागले. तिनेही गोळा खाली ठेवला आणि शांतपणे जमिनीवर बसली. पाच-सात मिनिटं गेली. शेवटी त्यांनी उजव्या हाताने डावा हात मांडीवरून उचलला, टेबलावर ठेवला आणि तिथून चार बोटं उंच केला. तिने "एक" म्हटलं. पुढे त्या हातात गुंडाळलेला पंचा आला, मग रिकामा पेला, मग अर्धी भरलेली पाण्याची बाटली. तिचे सहाचे आठ झाले तोवर त्यांचा हात हनुवटीपर्यंत पोचला होता.

बारा किलोपाशी मात्र गाडी अडली. गोळा कानाच्या उंचीपर्यंत जाई आणि तिथेच थरथरत उभा राही. महिना गेला. स्टोअरच्या खिडकीत बसून बसून तिचा धीर सुटत चालला होता. एका रविवारी सासरे आंघोळीला गेलेले पाहून तिने बाराचा गोळा घेतला आणि दात-ओठ खाऊन ढकलला. एकदा गेला. पुन्हा गेला. चौथ्या वेळी खांद्यात कळ आली आणि गोळा गादीवर पडला.

सासरे दारात उभे होते. ओले केस, खांद्यावर पंचा. चेहरा पांढराफटक.

"काही नाही झालं बाबा. जरासं दुखलं, इतकंच."

ते पलंगावर बसले. तिला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. एकेक शब्द ओढून काढत त्यांनी जे सांगितलं, ते सांगायला त्यांना जवळजवळ अर्धा तास लागला.

तिचा नवरा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि बापाच्याच हाताखाली वजन उचलायचा. आठवड्यावर मोठी स्पर्धा आली होती. खांदा दुखतो, असं तो दोनदा म्हणाला. बापाने सांगितलं, दुखणं डोक्यात असतं, आणि दांडीला आणखी वजन लावलं. हात वर असतानाच खांदा निखळला. शस्त्रक्रिया झाली. पोराचं वजन उचलणं कायमचं संपलं. त्यानंतर तो जहाजावर गेला आणि बापाने पुन्हा कुणाला शिकवताना आवाज चढवला नाही.

ती ऐकत राहिली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या खांद्यावरच्या लांब व्रणाबद्दल तिने पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. "सायकलवरून पडलो," त्याने सांगितलं होतं. पुढे कुणा नातेवाइकाने विचारलं तरी तेच. सायकल.

"मला तर ते सायकलवरून पडले म्हणाले," ती म्हणाली.

सासऱ्यांना हे माहीत नव्हतं. "सायकल?"

"हो. सगळ्यांना हेच सांगतात. सोळा वर्षांत दुसरं काही बोलले नाहीत."

म्हाताऱ्याने तोंडावर पंचा धरला. ती उठली, त्यांच्या शेजारी बसली आणि पहिल्यांदाच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने त्यांनी पंच्याआडूनच विचारलं, "खांदा. बघू."

दुपारी नवऱ्याचा फोन आला. तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"त्यांनी स्वतःहून सांगितलं?" त्याने विचारलं.

"स्वतःहून. तू मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांच्याच घरात राहणार होतीस," तो म्हणाला. "तुझ्या मनात त्यांच्याबद्दल अढी कशाला पाडायची?"

दहा दिवसांच्या विश्रांतीनंतर सासऱ्यांनी नवी युक्ती काढली. गुडघे किंचित वाकवून पायांच्या झटक्याने बाराचा गोळा वर न्यायचा आणि खाली आणताना मात्र पाच आकडे मोजत आणायचा. "वर जाताना. पाय मदत. खाली येताना. खांदा शिकतो." जिन्यावरून उतरणाऱ्या आजारी माणसाला धरावं तसा ती तो गोळा खाली आणायची. पाच आठवड्यांनी पायांची गरज उरली नाही. मग हेच सोळाच्या बाबतीत केलं. झाकण बाराचं असताना सोळा कशाला, तिने विचारलं. "झाकण. कसंही असतं," सासरे म्हणाले. म्हणजे त्याला धरायला कडी नसते, हे तिला खड्ड्यात उतरल्यावरच नीट कळलं.

परीक्षेच्या दिवशी फोरमन खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. तिने झाकण उजव्या तळव्यावर घेतलं, कोपर बरगड्यांशी आणलं, श्वास घेतला आणि हात कानापाशी नेला. सहा बोल्ट डाव्या हाताने लावायला सव्वातीन मिनिटं लागली. पाचवा वाकडा बसला, तो तिने काढून पुन्हा लावला.

"तो तसाच चालला असता," फोरमन म्हणाला.

"तुला चालला असता," ती म्हणाली. फोरमन हसला आणि स्टोअरची किल्ली मागायला हात पुढे केला.

नवरा पुढच्या महिन्यात सुट्टीवर आला. पहिले दोन दिवस बाप-लेक हवामानावर बोलले. तिसऱ्या सकाळी ती सरावाला उभी राहिली तेव्हा तो दाराला टेकून बघत होता. तिचं झाल्यावर तो आत आला, सहा किलोचा गोळा उचलून एक गुडघा टेकवून बसला आणि म्हणाला, "बाबा, मला हा वर नेता येईल का?"

सासरे खुर्चीतून उठले, त्याच्याजवळ आले. उजव्या हातात काठी होती, म्हणून त्यांनी डावा हात उचलला, सावकाश, मधे एकदा थांबून, आणि तळवा मुलाच्या कोपराखाली धरला.

"दुखलं तर. सांग."

"सांगेन."

"खरं सांग."

"खरं सांगेन बाबा."

गोळा वर जायला लागला. तिला ड्युटीला उशीर होत होता. तिने डबा पिशवीत टाकला, बूट चढवले. जिना उतरताना वरून सासऱ्यांचा आवाज आला, मनगट सरळ ठेवायला सांगणारा, आणि नवऱ्याचा, ते सरळच आहे म्हणणारा.