माशा सुटेपर्यंत

पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला दारात दिसला आणि ताईंनी काचघराला आतून कडी घातली. बावीस वर्षं त्या या बागेत झाडं सांभाळत होत्या, पण अशी वेळ पहिल्यांदाच आली होती.

“ताई, उघडा. दहाला पाहुणे येणार, आणि आत मेल्या उंदरासारखा वास. माशा तर विचारूच नका.”

“वास फुलाचा आहे रे. अर्धा तास थांब.”

आत एका दुर्मिळ जातीच्या दोनच वेली होत्या, दोघींवर एकेक फुगीर, जांभळट फूल. एका वेलीचं मूळ कुजलं होतं. पुढचा हंगाम ती काढणार नव्हती. ताईंनी दोन वर्षं ब्रशने पराग लावून पाहिले, शेंग धरली नाही. आता भिस्त माशांवर. सडक्या मांसाच्या वासाला भुलून माशी फुलाच्या नळीत शिरते, आणि आतले केस तिला मागे फिरू देत नाहीत. कुजक्या वेलीच्या, काल उमललेल्या फुलात अशाच माशा कोंडल्या होत्या. आज केस सुकले की त्या परागाने माखून बाहेर पडणार आणि दुसऱ्या वेलीच्या ताज्या फुलाला पुन्हा फसणार. नेमकं तेव्हाच औषध पडलं, तर सगळं मुसळ केरात.

तेवढ्यात बागेचे साहेब आले. काचेवर थापा मारू लागले. “नोकरीवर पाणी सोडायचंय का?”

ताईंनी कडीवर हात ठेवला. “सोडते. पण दार उघडणार नाही.”

“तू काय बघतोस? झरोक्यातून मार!” साहेब फवारणीवाल्यावर खेकसले.

पंपाची नळी आत आली. ताई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. “मार माझ्या तोंडावर.”

फवारणीवाला त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता. फुलातून एक माशी सरपटत बाहेर आली होती, पाठ पिवळीधमक. त्याने हळूच नळी मागे घेतली.

“साहेब, पंप तुंबला.”

“आत्ताच?”

“आत्ताच.”

माशी काचेवर बसून पाय चोळू लागली. ताईंचा जीव टांगणीला लागला. सगळे पराग इथेच झटकले तर? मग ती उडाली, घिरट्या घालत दुसऱ्या फुलापाशी गेली आणि आत शिरली. मागोमाग आणखी दोन.

ताईंनी कडी काढली.

दुसऱ्याच दिवशी त्यांची बदली बाहेरच्या हिरवळीवर झाली. कुजकी वेल महिन्याभरात गेली. पुढे एका सकाळी साहेब स्वतः हिरवळीवर आले, हातात दुसऱ्या वेलीची वाळलेली शेंग.

“ताई,” ते खाली बघत म्हणाले, “या बिया पेरायच्या कशा?”