कारखान्यातला सदरा

"तुमचा विश्वास बसायचा नाही डॉक्टरीणबाई, पण जन्मभर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवलं, आणि एकदा वजनकाट्यावर चढलो, तर काटा हात जोडून म्हणाला, आजोबा, एकेक पाय ठेवा!"

बाई हसल्या नाहीत. माझा हा किस्सा आजवर कधी वाया गेला नव्हता. शेजारी सूनबाई बाळाला पाजत होती. ते दोन घोट घ्यायचं, सोडायचं, किरकिरायचं. अंगावर मांस म्हणून धरत नव्हतं.

"आजोबा, बाळाच्या रक्तात शिसं निघालंय. आईच्या रक्तात त्याहून जास्त. तिच्या दुधातून ते बाळात उतरतंय. पण तिच्यात येतंय कुठून?"

सूनबाईने बाळाला आणखी जवळ ओढलं. घरात सगळे तिच्या दुधालाच नावं ठेवत होते. सगळ्यात मोठा आवाज माझा.

"कामावरून येताना अंघोळ करता? कपडे बदलता?"

"अंघोळ? अहो, मी असा घासतो की मला बघून साबण लपून बसतो! कारखान्यातले कपडे कारखान्यातच. शिशाचा कण उंबऱ्याच्या आत आला तर मिशी उतरवीन. तुम्ही आमचा नळ बघा. इतका जुना, की पाणी यायच्या आधी खोकतो!"

बोलता बोलता माझे हात आपोआप खिशात गेले. नखांतली राखाडी रेघ कितीही घासली तरी जात नाही. मी तर घासतही नव्हतो.

"बरं, मग पाणी तपासू," बाई म्हणाल्या. "कारण सापडेपर्यंत मात्र अंगावरचं दूध बंद. आजपासून वरचं."

सूनबाईने ऐकलं. बाळाला छातीपासून अलगद सोडवलं. ते रडायला लागलं. इथे मी बोलायला हवं होतं. कुठलीही थाप एरवी जिभेवर तयार असते. खरं तेवढं तिथे येईना. मी नळाबद्दल आणखी काहीतरी सांगू लागलो.

"मामंजी," सूनबाई म्हणाली. माझ्याकडे न बघता, बाळाला थोपटत. "तुमचा सदरा रोज मीच झटकते ना? मला ठसका लागेपर्यंत धूळ निघते त्यातून. मग तशीच ह्याला पाजायला बसते."