अकरा ढिगारे, दहा माणसं

मी टिकाव बोलतोय. फसली तेराशे अठ्ठावीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणीस, खुर्दाद महिना, चैत्री पुनवेनंतरचा शनिवार. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. पावसानं आदल्या साली दगा दिला होता, आणि ऊन असं की दगडावर हात ठेववत नव्हता. साल आणि दिवस आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, असं काही झालंच नाही. झालं. मी तिथं होतो. अजून तिथंच आहे.

माझा जन्म मोमिनाबादच्या छावणीबाहेर झाला. रिसाल्याची एक सामानगाडी मोडली. तिच्या चाकावरची लोखंडी धाव एका घिसाड्यानं उचलली. भाता त्यानं ओढला, घण त्याच्या बायकोनं मारला. बाई अंगानं काटकुळी, पण घाव एकही चुकला नाही. माझं एक टोक अणकुचीदार केलं, दुसरं चपटं. बाभळीचा दांडा बसवला. झालो.

सटवानं मला जोंधळ्याच्या बदल्यात घेतलं. लिंबागणेशच्या अलीकडे, डोंगराच्या उताराला सात घरांची ख्रिस्ती वस्ती होती. सटवा तिथला. मोठ्या हाडाचा, कमी बोलणारा. विहिरी खणायचा, बांध घालायचा, आणि कुणी मेलं की खड्डा खणायचा. कुणाचा उसना दाणा त्यानं कधी ठेवून घेतला नाही. मांडवात जेवायला बोलावलं तरी जाताना लाकडाची मोळी घेऊन जायचा. लोक हसायचे. त्याला त्याचं काही नव्हतं.

लोखंडाला जमीन ऐकू येते, हे माणसांना ठाऊक नाही. पहिला घाव बसला की मला कळतं, खाली मुरूम आहे, पाणी आहे की हाडं आहेत. भरलेल्या जमिनीचा एक आवाज असतो. रिकाम्या जमिनीचा वेगळा.

आदल्या दसऱ्याला मानमोडीचा ताप आला. घाटावरून आला, बाजारातून आला, कोण म्हणे वाऱ्यानं आला. दिवाळीपर्यंत मी वस्तीत नऊ खड्डे खणले. पहिला सटवाच्या मुलाचा. चौथा सुनेचा. मागे त्यांची पोरगी राहिली, भिवरा. नऊ वर्षांची.

मग भिवराला ताप चढला. दिवस कलताना वैदू आला, तिचे डोळे पाहिले आणि म्हणाला, "सकाळ न्हाई बघायची."

त्या दिवसांत सकाळी खणायला कोण उभं असेल याचा भरवसा नव्हता. म्हणून लोक दिवस बुडायच्या आत खणून ठेवायचे. सटवानं पोरीला डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळीनं मापलं. सुतळी कमरेला खोवली, मला खांद्यावर टाकलं आणि दहावा खड्डा खणला. सुतळी लावून पाहिली. बरोबर आला. मग काठावर बसून खड्ड्यात बघत तो मोठ्यानं म्हणाला, "हिला सोड. बदली देतो."

एवढंच. मी ऐकलं. खाली जे होतं त्यानंही ऐकलं.

सकाळी भिवरानं पाणी मागितलं.

जुनी रीत अशी, की ज्याच्यासाठी खणलं तो उठला, तर खड्डा रिकामा बुजवायचा नाही. त्याला बदली द्यायची. काळी कोंबडी, नाहीतर घरातलं असं काही, ज्याचं जाणं घराला जाणवेल. सटवा कोंबडी शोधायला निघाला, तेव्हा बंकट मास्तरांनी त्याला अडवलं. मास्तर वस्तीतली शाळा चालवायचे, प्रार्थनाही तेच घ्यायचे. माणूस सरळ होता.

"सटवा, आपण आता ते सोडलंय," ते म्हणाले. "देवानं पोर दिली. माती लोट."

सटवानं माती लोटली. खड्डा रिकामा बुजला.

तिसऱ्या दिवशी मी मास्तरांसाठी खणलं. आता अकरा ढिगारे होते आणि दहा माणसं.

तेव्हापासून एक होऊ लागलं. सटवा मला पुसून भिंतीला उभा करायचा. सकाळी माझ्या टोकाला माती असायची. ओली. विहिरीला तळ दिसत होता, माणसं दीड कोसावरून पाणी आणत होती, आणि माझ्या टोकाला ओली माती. सटवा ती बोटानं निपटून टाकायचा. भिवरा मात्र दिवसेंदिवस बारीक होत होती. ताप नाही, खोकला नाही. नुसती कमी होत होती.

दहावा ढिगारा हळूहळू खचला. बाकीचे दहा उन्हानं तडकले, आणि त्या एकावर गवत होतं. हिरवंगार, वीतभर.

आता ईस्टरचं. मिशनकडून दरसाल सणाला रंगीत कागद यायचे, अंडी रंगवायला रंग यायचा, आणि प्रभू उठून गेला त्या रिकाम्या कबरीचं चित्र काढलेला एक मोठा पडदा यायचा. तो प्रार्थनेच्या देवळात टांगायचे. यंदा मिशनच्या आवारात दुष्काळातली पोरं येऊन पडली होती. इकडं काही येणार नव्हतं. मास्तरांच्या मागे पोरांना मंजुळाबाई, त्यांची बायको, शिकवायची. तिनं पोरांना सांगितलं, "जे हाय त्यात सजवा."

"बाई, कायच न्हाई. त्यात कसं सजवावं?" सिदू म्हणाला. सिदू बारा वर्षांचा, तोंडानं पंचवीसचा.

पण सजवलं. गढीच्या पडक्या भिंतीची पांढरी माती आणून देऊळ सारवलं. मास्तरांच्या जुन्या वह्यांची पानं कातरून पताका केल्या, बाभळीच्या डिंकानं चिकटवल्या. पताकांवर पाढे दिसत होते. कोंबड्या माणसांनी कधीच विकून खाल्ल्या होत्या. म्हणून नदीच्या कोरड्या पात्रातले गोल गोटे आणले आणि शिमग्याला वाळवून ठेवलेली पळसाची फुलं उकळून त्या रंगात बुडवले.

"हे अंडं फोडून दाव बरं," सिदू म्हणाला.

"तुझ्याच टाळक्यावर फोडते," भिवरा म्हणाली. पोरं हसली. ती हसताना तिच्या गळ्याच्या शिरा दिसायच्या.

सगळं झालं. पडदा तेवढा राहिला. कबरीशिवाय ईस्टर कसला?

"खरीच करू की," सिदू म्हणाला. "तिकडं एक ढिगारा खचलाय. आतनं पोकळ हाय. दगड टाकला की वाजतो. वर गवत बी हाय, फुकट."

"कुनाचा हाय पन तो?" भिवरानं विचारलं.

"कुनाचाच न्हाई. आमची माय बोटावर मोजत व्हती. मानसं धाच भरतेत."

सटवा पाण्याला गेला होता. मंजुळाबाई देवळात होती. सिदूनं आणि भिवरानं मला उचललं आणि सगळी पोरं माझ्यामागे निघाली. मी ओरडलो असतो. लोखंडाला तोंड नसतं.

त्या वैशाखासारख्या उन्हात कुठंही घाव घातला तर ठिणगी उडायची. तिथं मी ओल्या पेंडीत शिरावं तसा शिरलो. आत गार होतं. माती आपोआप सुटत होती, जणू कुणी खालून ती वर देत होतं. पोरांना वाटलं, आपल्याला जोर आलाय. दोन हात खोल गेले आणि सगळ्यांनी वाकून बघितलं.

"रिकामी!" एक पोरगी टाळ्या पिटत म्हणाली. "खरंच रिकामी!"

"उठून गेला की बे!" सिदू म्हणाला.

मग ती कामाला लागली. काठ पांढऱ्या मातीनं सारवले. हिरव्या गवताची ढेकळं कडेनं लावली. डोंगरातून आणलेले बहाव्याचे पिवळे घोस सोडले. मंजुळाबाईनं पडद्याच्या जागी प्रभूचं कफन म्हणून ठेवायला मास्तरांच्या धोतराचा एक तुकडा दिला होता. तो घडी घालून आत ठेवायचा होता. भिवरा घडी घेऊन आत उतरली.

घडी ठेवली, आणि सहज आडवी झाली.

"बघा," ती म्हणाली. "बरोबर माझ्या मापाची हाय."

डोकं एका टोकाला टेकलं होतं, टाचा दुसऱ्या. पोरं हसली. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण ती उठत नव्हती.

"ऊठ की भिवरे," सिदू म्हणाला. "दुसऱ्याची जागा हाय ती."

"गप. ऐकू दे." तिचा आवाज फार खालून आल्यासारखा आला. "हितं कुनीतरी इचारतंय."

"काय इचारतंय?"

"म्हनतंय, कवा देनार?"

तेवढ्यात सटवा आला. डोक्यावर घागर होती. त्यानं पोरं बघितली, मला बघितलं, खड्डा बघितला. घागर फेकली नाही. नीट खाली ठेवली, कारण ते पाणी होतं. मग खड्ड्यात हात घालून पोरीला दंडाला धरून वर काढलं. ती त्या उन्हात थंड पडली होती. दातावर दात वाजत होते.

"कुनाची हाय ती कबर, आजा?" तिनं विचारलं.

सटवानं तिला पाठीवर घेतलं आणि घराकडे निघाला.

दिवेलागणीला तिला ताप चढला. मला परत भिंतीला लावलं होतं, म्हणून मी सगळं ऐकलं. मंजुळाबाई आली. पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"सटवाबाबा, पोरं बोलायलीत. खरं सांगा. तो खड्डा कुनाचा?"

"हिचा."

मग त्यानं सांगितलं. सुतळीचं माप, दिलेला शब्द, सगळं. त्याला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मंजुळाबाईनं पोरीच्या अंगावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाली, "माती लोटा म्हनून मास्तरांनीच सांगितलं. अन् तिसऱ्या दिशी तेच गेले. मग ते देनं त्यांनीच फेडलं असंल की. आनखी कावून द्यायचं?"

"त्यांनी त्यांचं फेडलं असंल, बाई. शब्द माझा व्हता."

"आपन असलं मानत न्हाई, बाबा."

"तुमी मानू नका. मी कबूल केलतं."

"मग द्या एक कोंबडी. मागून आनते कुठूनबी."

सटवानं मान हलवली. "कोंबडी तवाची. सहा महिने झाले. आता तेवढ्यावर भागत न्हाई."

त्यानं घरभर नजर फिरवली. एक चूल, दोन मडकी, एक घोंगडी, ती पोरीच्या अंगावर. मग त्याची नजर माझ्यावर आली आणि थांबली.

मला देणं म्हणजे काय होतं ते सांगतो. त्या उन्हाळ्यात सरकारी तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. ज्याच्याकडे स्वतःचा टिकाव, त्याला खोदणाऱ्याची मजुरी. नसेल त्याला पाटी उचलणाऱ्याची. साठीच्या म्हाताऱ्यानं पाटी उचलायची म्हणजे काय, ते उचललेल्यालाच कळेल. त्या घरातली भाकर माझ्या टोकावर होती.

"दुसरं काईबी द्या," मंजुळाबाई म्हणाली. तिलाही कळलं होतं.

"दुसरं न्हाई."

त्यानं मला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. शब्द त्याचा होता, पण तो खड्डा मी खणला होता.

सकाळी उजाडायच्या सुमाराला मंडळी कबरस्तानात जमली. सणाची ती रीतच आहे, सूर्य उगवताना कबरींपाशी उभं राहून गायचं. देवळाच्या भिंती पांढऱ्या झाल्या होत्या, पाढ्यांच्या पताका वाऱ्यानं फडफडत होत्या, रंगीत गोटे रांगेनं ठेवले होते. मधोमध ती उघडी कबर. पिवळ्या फुलांनी सजलेली, आत धोतराची घडी. बघायला आलेली शेजारच्या गावची माणसं म्हणाली, पैशाशिवाय पोरांनी लई नामी केलंय. मिशनचा पडदा टांगला तेव्हासुद्धा एवढी शोभा नव्हती.

पोरं मात्र कबरीजवळ येत नव्हती. लांबून गात होती. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी, सगळे श्वास घ्यायला थांबले की, खालून एक आवाज येत होता. मला येत होता. सटवालाही येत असावा. त्याच्या हाताची पकड माझ्या दांड्यावर तेवढ्यापुरती आवळायची.

गाणं संपलं. मंडळी पांगली. मंजुळाबाई आणि सिदू मागे राहिले.

सटवा काठावर गुडघे टेकून बसला. त्यानं मला उपरण्यानं पुसलं, आधी टोक, मग पातं, मग दांडा. मग वाकून धोतराच्या घडीवर आडवं ठेवलं. खड्डा पोरीच्या मापाचा. मी त्यात तोकडा पडत होतो, म्हणून त्यानं कमरेची ती जुनी सुतळी सोडली आणि माझ्याशेजारी ताणून ठेवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"घे," तो म्हणाला. "बदली."

"बाबा, फावडं आनू का?" सिदूनं विचारलं. त्याच्या आवाजात काल होता तो तोरा नव्हता.

"हातानं लोटतो."

त्यानं हातांनी माती लोटली. आधी बहाव्याची फुलं पडली, मग गवताची ढेकळं, मग माती. पहिली ओंजळ ओली होती. दुसरी दमट. तिसरी कोरडी ठणठणीत, बाकी शिवारासारखी. उजेड गेला. मंजुळाबाई काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थनाच असावी. कुणाला उद्देशून, ते मला खालून कळलं नाही.

तेव्हापासून मी इथं आहे. दांडा कुजून गेला. सुतळी गेली. धोतर गेलं. लोखंड राहिलंय. वरून चाललात आणि नाव नसलेला ढिगारा दिसला, तर कुणाचा म्हणून विचारू नका. वरचं गवत वाळलेलं असेल. वाळलेलंच बरं. आणि पोरांनो, सणाला सजवायला काही नसलं, तर गोटे रंगवा, पाढ्यांच्या पताका करा. इथली माती मात्र उकरू नका.

त्या सकाळचं थोडं राहिलं. सटवानं शेवटची ओंजळ टाकली आणि वरून तळहातानं थापलं. खालचा आवाज माझ्या पाठीला लागून होता. तो अजून विचारतच होता. तेवढ्यात वस्तीकडून एक बाई हाक मारत पळत आली.

"सटवाबाबा! या लवकर! भिवरा उठून बसलीय, भाकर मागतीय!"

खालचा आवाज थांबला. देणं फिटलं.